टाकीचं विरजण

भाद्रपद सरत आला की वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावात दोन वास एकमेकांत मिसळतात, एक सोयाबीनच्या भुशाचा आणि दुसरा धुण्याच्या सोड्याचा. गावाबाहेर मळणीयंत्रं दिवसभर घरघरतात, त्यांची पिवळट धूळ वाऱ्यावर बसून घराघरांत शिरते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात घराघरांतल्या बाया दसरा काढायला बसतात. घट बसायच्या आत घरातली चिंधी न् चिंधी, भांडं न् भांडं बाहेर निघालं पाहिजे, धुतलं पाहिजे, उन्हात वाळलं पाहिजे. बाहेरून धूळ आत येते आणि आतून आम्ही ती बाहेर काढतो. दरवर्षी धूळच जिंकते, पण हार मानायला अजून कोणी तयार नाही.

काल वाशीमहून बसने परतले. कोपऱ्यावरूनच आमची गच्ची दिसते. दोरीवर गोधड्या होत्या, पडदे होते, देवघरातलं लाल कापड होतं. आणि त्यांच्या मधोमध एक निळी बॅग उलटी टांगलेली होती, चेन उघडी, तळातून पाणी ठिबकत होतं. मी रस्त्यातच उभी राहिले. मागून मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता, तरी माझा पाय उचलेना.

त्या बॅगेकडे मी वर्षभर चोरून पाहत आले आहे. तिची गोष्ट सांगायची तर आधी माशांची सांगावी लागेल.

मी वाशीमला एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वीस वर्षं रोजचं अपडाऊन. दरवर्षी नायट्रोजन चक्राचा धडा येतो आणि दरवर्षी मी फळ्यावर तेच बाण काढते. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. बाणांवर जिवाणूंची नावं लिहिते, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत आकृतीला गुण मिळतात आणि चक्र पुढच्या वर्षापर्यंत थांबतं. ते खरोखर कुठे तरी चालू असतं, आणि थांबलं तर कोणाचा तरी श्वास थांबतो, हे मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर आमच्या बैठकीच्या खोलीत कळलं.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. शिरपूरच्या पलीकडे त्यांचं गाव. शेत बटईनं दिलं, बैल विकले, घराला कुलूप लावलं आणि त्या एक निळी बॅग घेऊन एसटीतून उतरल्या. ज्या बाईचे हात पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत शेणात, मातीत, चाऱ्यात असायचे, ती आमच्या खोलीत पंख्याखाली मांडीवर हात ठेवून बसायची. स्वयंपाक मी करायचे, भांड्यांना बाई होती, भाजी हे आणायचे. त्या विचारायच्या, "मी काय करू?" आणि आम्ही मोठ्या मायेनं सांगायचो की तुम्ही आराम करा. आरामासारखी शिक्षा नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

मग एके दिवशी यांनी वाशीमहून एक छोटी काचेची टाकी आणि पाच गोल्डफिश आणले. आईचं मन रमेल म्हणाले. आत्याबाईंनी चष्मा चढवून त्या पाच जिवांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की ज्या घरात मासे खात नाहीत तिथं हे कायले? पण तिसऱ्या दिवशी पाहते तर त्यांनी पाचांना नावं ठेवलेली. पांढरा तो ढवळ्या. तांबडा तो पवळ्या. दोन जाडजूड होते ते सर्जा आणि राजा. आणि सगळ्यात लहान, काळ्या शेपटीचा, तो गोऱ्हा. विकलेली जनावरं अशी शेपटी हलवत घरात परत आली. सकाळी उठल्या उठल्या त्या टाकीपाशी जायच्या आणि रात्र कशी गेली ते विचारायच्या. उत्तर मिळाल्यासारखी मान डोलवायच्या. मी चहा गाळता गाळता हसू दाबायचे.

बैल म्हटले की खाणं आलं. त्या माशांना असं खाऊ घालायच्या की ते वर्ष-दीड वर्षात दुप्पट झाले. टाकीत वळताना एकमेकांवर आदळू लागले. "एवढ्याशा गोठ्यात पाच बैल कसे मावतीन?" हा प्रश्न घरात रोज निघू लागला. गेल्या वर्षीच्या पोळ्याला शेवटी चार फुटांची टाकी घरात आली. पोळ्याच्या संध्याकाळी आत्याबाईंनी जुन्या टाकीच्या काचेवर कुंकवाची पाच बोटं ओढली, समोर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला आणि मी पूर्ण वेळ पाण्यावर पहारा देत उभी राहिले. त्यांचा काही नेम नव्हता.

टाकी विकणाऱ्यानं सांगितलं होतं की पाणी भरा, चार थेंब औषध टाका आणि त्याच दिवशी मासे सोडा. मी मात्र अडून बसले. नव्या टाकीत नुसतं पाणी असतं. माशांची घाण पचवणारं कोणी नसतं. ती पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, तळाच्या खड्यांवर घर करून राहतात आणि त्यांची वस्ती वाढायला महिना लागतो. म्हणून नव्या फिल्टरचा स्पंज मी जुन्या टाकीत बुडवून ठेवला. महिनाभर चार फुटांची टाकी घरात कोरडी उभी. येणारा-जाणारा विचारायचा, मी सांगायचे, आणि ऐकणारा यांच्याकडे सहानुभूतीनं पाहायचा.

पितृपक्षाच्या शेवटच्या रविवारी गोठा बदलला. अर्धं पाणी जुनं, खडे जुने, जुना आणि नवा असे मुरलेले दोन्ही स्पंज ओले ओलेच नव्या फिल्टरमध्ये. मासे मी ओंजळीएवढ्या भांड्यातून एकेक नेले आणि प्रत्येकाच्या वेळी आत्याबाई नाव घेऊन म्हणाल्या, "चाल बापा." नव्या टाकीत गोऱ्ह्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धाव घेतली. जन्मात पहिल्यांदा त्याला धावायला जागा मिळाली होती. दोन दिवस मी चाचणीच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकत होते. पाण्यात अमोनिया असला तर रंग हिरवा होतो, नसला तर पिवळा राहतो. दोन्ही दिवस स्वच्छ पिवळा. मी स्वतःवर इतकी खूश होते की वर्गातही सांगून आले.

बुधवारी कॉलेजात चाचणी परीक्षा होती, यायला उशीर झाला. दारातच सोड्याचा वास आला. आत्याबाईंनी त्या दिवशी दसरा काढला होता. भिंतींची जळमटं, फळीवरचे डबे, दिव्यांची बटणं, काही सोडलं नव्हतं. आणि टाकी. टाकी झळकत होती. मासे बादलीत काढून त्यांनी सगळे खडे सोड्यानं घासले होते, दोन्ही स्पंज धुण्याच्या पावडरमध्ये आपटून पांढरे केले होते, सुपात पसरून दिवसभर गच्चीवर कडक उन्हात वाळवले होते, आणि मी यायच्या आत नळाच्या ताज्या पाण्यात सगळं परत लावून ठेवलं होतं. गुडघे दुखणारी बाई जिन्यावरून किती वेळा वर-खाली गेली असेल. पदरानं हात पुसत त्या उभ्या होत्या. चेहऱ्यावर असं समाधान मी त्या आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"पाह्य," म्हणाल्या, "किती मळ होता त्याच्यात. नव्या गोठ्यात जुनी घाण ठेवतेत का?"

मला राग आला की माझी बोली सुटते आणि तोंडात वर्गातली भाषा येते. त्या दिवशी तीच आली. मी म्हणाले, "माझ्या घरातल्या वस्तूंना मला विचारल्याशिवाय हात लावत जाऊ नका."

वाक्य एवढंच. पण 'माझ्या घरातल्या' हे दोन शब्द तोंडातून निघाले आणि मला ते ऐकू आले. त्यांनाही आले. त्यांनी हातातलं फडकं घडी करून खिडकीत ठेवलं आणि आपल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं पलंगाखालून काही ओढल्याचा आवाज आला. निळी बॅग होती.

यांनी मला सांगितलं की असं बोलायला नको होतं. मग आईला सांगितलं की मनावर घेऊ नको. दोन्हीकडून त्यांना काही मिळालं नाही. आत्याबाईंनी त्यांना एवढंच ऐकवलं की हे पाच जगले तर राहीन. "माह्या हातानं जित्राब मेलं त मी इथं कोणत्या तोंडानं राहू? दसऱ्याचं सोनं घेतो आन गावाकडं जातो." गावाकडचं घर म्हणजे गळका पत्रा, दोन कपाटं आणि आजूबाजूला कामावर गेलेली माणसं. गुडघ्यांचं हे असं. थंडी पुढ्यात. माफीचं एक वाक्य तेव्हाच बोलायला काय हरकत होती, असं आज म्हणणं सोपं आहे. मला ते जमत नव्हतं. माझ्या तोंडाला शिकवायची सवय आहे, मागायची नाही. मी मनात ठरवून टाकलं की मासे वाचवायचे. पाचही. मग माफीची गरजच पडणार नाही.

दोन दिवस काही झालं नाही. घट बसले. पत्रावळीतल्या काळ्या मातीत आत्याबाईंनी गहू पेरला, वर मातीचा घट, पहिली माळ. दुसऱ्या माळेच्या संध्याकाळी सहाला घरी आले तर पाचही मासे पाण्याच्या वरच्या कडेला उभे होते, तोंडं उघडत, मिटत. मी पिशवीसकट टाकीपाशी बसले. नळीत थेंब टाकले. पाणी हिरवं झालं, मग आणखी हिरवं झालं.

आत्याबाई माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. बुधवारनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "धुतल्यानं काय होते, सांग तरी मले."

मी सांगितलं. माशांच्या घाणीचं विष होतं, ते खाणारे बारीक जीव त्या मळकट स्पंजात राहत होते, तोच त्यांचा गोठा होता. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं की सोयाबीनच्या मुळाशी गाठी असतात, त्याच्यात असतात तसले का हे? मी म्हटलं, हो, त्यांच्याच गणगोतातले समजा.

त्या खाली बसल्या. मला एकदम कळलं की त्या कुठे पोचल्या आहेत. आमच्याकडे पेरणीच्या आधी सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणूंची काळी पूड लावतात. गुळाच्या पाण्यात ती कालवायची, हलक्या हातानं बियाण्याला चोळायची आणि सावलीत वाळवायची. कल्चर म्हणतात तिला. आत्याबाईंच्या हातांनी हे काम अनेक मृग नक्षत्रं केलं. मजुरीच्या बायांना त्या बजावायच्या की ऊन लागू देऊ नका, उन्हानं कल्चर मरते. ती हुकमी बाई आता माझ्यासमोर फरशीवर बसली होती.

"म्हंजे मी कल्चर उन्हात वाळवलं," त्या म्हणाल्या. "सोडा लावून."

माझ्या फळ्यावरच्या वीस वर्षांच्या बाणांपेक्षा त्या एका वाक्यात जास्त नायट्रोजन चक्र होतं. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

त्या अवघा क्षणभर बसून राहिल्या असतील. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि स्वयंपाकघरातून दुधाचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. दही लागलं नाही, इरजण मेलं, तर बाई काय करते? शेजारी जाते, म्हणाल्या. मालेगावात आणखी कोणाकडे माशांची टाकी आहे, जुनी, न धुतलेली?

बसस्थानकाकडच्या रस्त्यावर एक सलून आहे. हे तिथंच केस कापून घेतात. तिथं कोपऱ्यात एक टाकी आहे, हिरवी झालेली, आत कोण पोहतंय ते दिसत नाही इतकी. यांनी हे सांगितलं आणि आत्याबाईंनी चपला घातल्या.

आता एक अडचण होती आणि ती आम्हा दोघींनाही ठाऊक होती. दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर विरजण कोणी देत नाही, मागतही नाही. देणाऱ्या घराची लक्ष्मी जाते. आत्याबाई हा नियम इतका कडक पाळायच्या की एकदा सांजेला विरजण मागायला आलेल्या शेजारणीला त्यांनी चहा पाजून, गप्पा मारून, हातातलं भांडं रिकामं ठेवून परत पाठवलं होतं. मी म्हटलं, सकाळी जाऊ का? त्यांनी टाकीकडे पाहिलं. गोऱ्हा काचेला टेकून श्वास घेत होता. त्या पायऱ्या उतरू लागल्या.

सलूनमध्ये चार पुरुष बसले होते, एकाच्या गालावर फेस. त्या दारात डबा घेऊन उभ्या राहिल्या तसं सगळं थांबलं. सलूनवाले संतोषभाऊ पन्नाशीचे, सभ्य माणूस. कात्री हातात धरून म्हणाले की काकू, कोणाची कटिंग आहे?

"कटिंग नाही. तुह्या टाकीतला मळ पाह्यजे."

संतोषभाऊंनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, ही म्हातारी अस्वच्छतेची तक्रार घेऊन आली. धुवाचीच होती काकू, टाइम नाही भेटला, असं काहीबाही पुटपुटले. आत्याबाई म्हणाल्या की नाही धुतली हे तुझे उपकार झाले. मग सगळी गोष्ट सांगितली, कल्चरसकट, उन्हासकट, सोड्यासकट. स्वतःची चूक चार परक्या पुरुषांसमोर त्या अशी सांगत होत्या की मला मागे उभं राहवेना. फेसवाला गृहस्थ अर्ध्या दाढीनं मान हलवत ऐकत होता. त्याच्या शेतातही सोयाबीन असणार.

संतोषभाऊंनी टाकीत कोपरापर्यंत हात घालून एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज वर काढला. केस कापायच्या कात्रीनं त्याचे दोन तुकडे केले. एक परत सोडला, दुसरा टाकीच्याच पाण्यात बुडवून डब्यात घातला. डबा द्यायच्या वेळी मात्र त्यांचा हात थबकला. त्यांनी बाहेर अंधाराकडे पाहिलं. जुन्या वळणाचं माणूस.

"दिवे लागले, काकू."

"मले ठाऊक हाय," आत्याबाई म्हणाल्या. "दोष लागला त मांगणाराले लागू दे. माह्यावर घेतला म्या. दे तू."

त्यांनी डबा दिला. मी तो घेऊ लागले तर आत्याबाईंनी घेऊ दिला नाही. सबंध रस्ताभर त्यांनी डबा पदराखाली छातीशी धरला, हिंदकळू नये म्हणून पाय जपून टाकत. रस्त्यावर सोयाबीनचे ट्रॅक्टर जात होते, धूळ उडत होती, आणि माझी सासू पदराखाली कोणाच्या तरी टाकीची घाण झाकून नेत होती.

घरी आल्या आल्या तो तुकडा फिल्टरमध्ये ठेवला, पण विरजण लावलं म्हणजे दही तयार झालं असं नाही. तोवर दूध सांभाळावं लागतं. त्या नवरात्रात आम्ही रोज दोन वेळा टाकीचं पाणी बदललं, सकाळी मी बसला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. नळ आमच्याकडे चार दिवसांआड येतो. गच्चीवरच्या ड्रममध्ये पाणी साठवायचं, औषधाचा वास उडून जावा म्हणून दिवसभर उघडं ठेवायचं, मग बादल्यांनी खाली आणायचं. हे वरून भरून द्यायचे, मी जिन्यातून उतरवायचे. टाकीतलं पाणी नळीनं उपसायचं काम आत्याबाईंनी मला करू दिलं नाही. नळी पाण्यानं भरायची, दोन्ही तोंडं अंगठ्यांनी दाबायची, एक टाकीत बुडवायचं आणि दुसरं खाली बादलीत सोडायचं, ही विद्या त्यांना शेतातल्या इंजिनाच्या काळापासून येत होती. खाणं त्यांनीच बंद केलं. ज्यांना त्या दिवसातून चारदा चारत होत्या, त्यांच्यासमोर रिकाम्या हातानं बसून राहायच्या आणि म्हणायच्या की सोसा बापा, दुखणेकऱ्याले लंघन बरं.

आमचं दोघींचं बोलणं त्या दिवसांत फक्त पाण्याचं होतं. ड्रममध्ये किती उरलं. कोमट आहे की गार. आज कसा रंग आला. मी नळी उजेडात धरायचे आणि त्या चष्मा वर करून पाहायच्या. हिरवा. जरा कमी हिरवा. देवघरात पत्रावळीतला गहू उगवून आला होता, बोटभर, उन्हाविना पिवळा. आत्याबाई रोज माळ चढवताना त्याच्याकडे पाहायच्या आणि मग माझ्या हातातल्या नळीकडे. तो पिवळा इथं कधी येतो, एवढाच प्रश्न घरात होता. मी आयुष्यात इतके निकाल लावले, कोणत्याही निकालाची अशी वाट पाहिली नव्हती.

चौथ्या माळेला सकाळी पवळ्या तळाशी आडवा होता. आत्याबाईंनीच तो ओंजळीत घेतला. अंगणात जास्वंदीच्या बुंध्याशी खड्डा केला, हळद-कुंकू वाहिलं, माती लोटली. माझी बस निघून गेली होती, मी जायचा विचार सोडून दिला. त्या आत गेल्या आणि पलंगाशेजारच्या निळ्या बॅगेत दोन लुगडी ठेवल्याचं मला दारातून दिसलं.

मी म्हटलं, "चार आहेत अजून."

"पाच म्हणली होती मी," त्या म्हणाल्या.

मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला, आणि तो राग फार कामाचा निघाला. मी ठरवलं की हे चार मी मरू देणार नाही, आणि ही बाईही या घरातून जाणार नाही, मग ती पाच म्हणो की पन्नास. कॉलेजात तीन दिवसांची रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा घरी आजारपण आहे असं लिहून दिलं. ते खोटं नव्हतं. दोनच्या जागी तीन वेळा पाणी बदललं. हातांची कातडी सोलली. गोऱ्हा एक सबंध दिवस कोपऱ्यात कलंडून पडला होता, आत्याबाई त्याच्याशेजारी काचेला कपाळ टेकून बसल्या होत्या. संध्याकाळी त्यानं शेपटी हलवली. अगदी थोडी. त्यांनी मला हाक मारली नाही, नुसता हात उंचावला आणि मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आले.

दसऱ्याच्या दिवशी रंग पिवळ्याच्या जवळ आला होता. पूर्ण पिवळा नव्हे. हिरवी छटा होतीच. संध्याकाळी हे सीमोल्लंघनाहून आपट्याची पानं घेऊन आले. आमच्याकडे धाकट्यांनी थोरांच्या हातात सोनं द्यायचं आणि पाया पडायचं. बॅग खोलीच्या दाराशी आणून ठेवलेली होती, तिच्यावर घडी केलेली शाल. मी पानं घेऊन आत्याबाईंसमोर गेले. खाली वाकले आणि वाकल्या जागी ते वाक्य बाहेर पडलं, जे मी दहा-बारा दिवस बादल्यांनी वाहत होते.

"चुकलं माझं, आत्याबाई. पाचाचं चारावर भागवा."

मग डोक्यावर हात पडला, ओला, नळीच्या पाण्याचा वास येणारा.

"सोनं दे आन पाणी भर," त्या म्हणाल्या. "बोलत काय बसली."

त्या गेल्या नाहीत. पण राहते असंही म्हणाल्या नाहीत. यांना सांगितलं की सोयाबीन घरात येऊ दे, मग पाहू. कोजागिरीच्या दुधाच्या दिवशी नळीतलं पाणी लख्ख पिवळं झालं आणि मी ती नळी घेऊन शेजारपाजारी दाखवत फिरले. कोणाला काही कळलं नाही. सोयाबीन आलं, विकलं गेलं, मग त्यांनी सांगितलं की हरभरा पेरून होऊ दे. मग थंडी. मग संक्रांत. बॅग दारापासून पलंगाच्या पायथ्याशी सरकली, पण उघडली गेली नाही. त्या रोजची दोन लुगडी आलटून पालटून दोरीवरून घ्यायच्या. बाकीची बॅगेतच. मी झाडताना ती उचलायचे, वजन पाहायचे आणि जागच्या जागी ठेवायचे. वजन कमी झालेलं नसायचं. चार मासे मात्र जोमानं वाढले. गोऱ्ह्याची काळी शेपटी आता झालरीसारखी झाली आहे आणि जास्वंदीला माशांच्या पाण्यावर अशी फुलं येतात की अर्धी गल्ली पूजेला नेते.

वर्गात यंदा नायट्रोजन चक्र आलं तेव्हा मी बाण काढायच्या आधी सुपाचं चित्र काढलं. सुपात स्पंज आणि वर सूर्य. मुलं हसली. मग मी त्यांना विचारलं की पेरणीच्या बियाण्याला काळी पूड कोणी कोणी लावली आहे, आणि निम्म्याहून जास्त हात वर आले. इतकी वर्षं हे हात माझ्यासमोर बसलेले होते आणि मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

काल अखेर मी रस्त्यातून पाय उचलला आणि गच्चीवर गेले. आत्याबाई दोरीवरची गोधडी उलटी करत होत्या. निळ्या बॅगेतून अजून ठिबकत होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. आत काही नव्हतं, बाजूचे खणसुद्धा उलटे करून वाळत घातले होते. मी विचारलं, बॅग कायले धुतली?

"दसरा काढला," त्या म्हणाल्या. "घरातलं सगळंच धुवा लागते. वाळली का गोधड्या भरून ठेवू तिच्यात."

खाली येऊन पाहिलं. माझ्या कपाटात उजवीकडचा खण रिकामा करून त्यात त्यांची लुगडी लावलेली होती. मला न विचारता. मी त्या खणासमोर उभी राहिले आणि डोळे पुसले.

मग आम्ही दोघी टाकीपाशी बसलो. यंदा दसऱ्यात टाकीच्या वाट्याला एवढंच आलं. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात स्पंज हलकेच दाबायचा, वरचा गाळ सुटेल इतकाच. मी दाबला. पाणी चहासारखं झालं. आणखी एकदा दाबायला बोटं आवळली तशी आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"पुरे. जास्त पिळू नको वं," त्या म्हणाल्या. "राहणाऱ्याले राहू दे."

मी स्पंज तसाच ओला फिल्टरमध्ये ठेवला आणि पंप सुरू केला.